आदल्या प्रश्नाची पाकळी

लोखंडाच्या दगडाला लोहचुंबक धरत नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मला चक्क राग आला. कोणीतरी फसवल्यासारखं वाटलं. डिचोलीत आमच्या दारावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. त्या धुळीनं तुळस लाल, दोरीवरचे कपडे लाल, पोदेराकडून घेतलेला पाव फडक्यात गुंडाळला नाही तर तोही लाल. हा सगळा लोखंडाचा दगड, बोटीत भरून परदेशात जातो आणि तिथं त्याचं लोखंड करतात, असं बाबा सांगायचे. बाबा सावंतवाडीकडून आलेले, खाणीवर फिटर होते. एकदा त्यांनी मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक मला खेळायला दिलं. मी ते खिळ्यांना लावलं, विळीला लावलं, जनेलाच्या गजांना लावलं. सगळीकडे पटकन चिकटलं. मग अंगणातला लाल दगड घेतला. ढिम्म. दुसरा घेतला, तोही ढिम्म.

"बाबा, ह्या दगडात लोखंड नाय," मी जाहीर केलं.

"मगे तुझ्या बापाक पगार कित्याचो मेळता गो?" बाबा हसले. खाणीवर खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या वर एक भलंमोठं विजेचं चुंबक टांगलेलं असतं, असं त्यांनी सांगितलं. चुकून पडलेला बोल्ट किंवा यंत्राचा तुटलेला दात ते वरच्यावर उचलून घेतं, आणि लोखंडाचा दगड मात्र खालून निवांत निघून जातो. का जातो? ते बाबांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. शाळेत बाई म्हणाल्या, दगडातलं लोखंड गंजलेलं असतं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी गंजलेला खिळा घेऊन गेले आणि त्याला चुंबक कसं धरतं ते सगळ्या वर्गाला दाखवलं. बाईंनी मला बाकावर उभं केलं.

आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही आणि डोक्याला विसावा नाही. खरंच होतं ते. एखादी गोष्ट कळली नाही की मला ती काट्यासारखी सलते आणि मग मी घरच्यांनाही सलते.

त्या दगडाचं उत्तर मिळायला मला एम.एस्सी.पर्यंत थांबावं लागलं. लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकलं चुंबक. खिळ्यात ते सगळे एका दिशेनं ओढतात. आमच्या लाल दगडात निम्मे इकडे ओढतात आणि निम्मे बरोबर उलट्या दिशेला. जोर सगळ्यांचाच असतो, पण हाताला काही लागत नाही, अगदीच नावापुरतं उरतं. त्या वर्षांत गोव्यात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नव्हतं. राज्य मिळणार अशी बोलणी चालली होती आणि राज्याची भाषा कोणती यावरून निम्मे कोंकणीच्या बाजूनं तर निम्मे मराठीच्या बाजूनं ओढत होते. आमच्या घरात पेपर मराठी, आई पेडण्याची, बाबा सावंतवाडीचे, त्यामुळे आम्ही जे बोलायचो त्याला दोन्ही बाजूंनी आपलं म्हटलं नसतं.

पण एवढं कळून माझी खोड गेली नाही, उलट वाढली. अणूंनी एकमेकांकडे तोंड करायचं की पाठ, हे कोण ठरवतं? बाहेरून खूप जोराचं चुंबक लावलं तर त्यांचा बेत बदलतो का? मी एका दूरच्या शहरात संशोधनाला गेले ती ह्याच प्रश्नासाठी. तिथं मला मिळाला होल्मियम. आई म्हणाली, "औषधाचा नाव वाटता." होल्मियम हा दुर्मिळ जातीचा धातू, दिसायला चांदीसारखा, आणि स्वभावानं असा लहरी की काय सांगावं! खूप थंड केला की त्याच्या अणूंचे थर लागतात, आणि प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा वळून बसतो, चक्री जिन्यासारखा. बाहेरून चुंबकाचा जोर वाढवत नेला की तो जिना कुठंतरी मोडतो, वेगळाच कसला तरी आकार धरतो, आणखी जोर लावला की शेवटी सगळे थर एका दिशेला वळतात. हे मधले आकार कुठले आणि ते कधी बदलतात, हे शोधणं माझं काम होतं.

आमचं चुंबक म्हणजे तारेचं वेटोळं, द्रवरूप हेलियमच्या टाकीत बुडवलेलं. हवासुद्धा गोठून दगड होईल इतकी तिथं थंडी. त्या खोलीत जाण्याआधी घड्याळ, किल्ल्या, केसांतल्या पिना बाहेर काढून ठेवायच्या. एकदा माझी विसरलेली पीन केसांतून निघाली आणि सूं करून चुंबकाकडे गेली. हे मी सुट्टीत घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, "मगे थय मंगळसूत्र चलता काय?"

"सोना चलता, आई."

"चलता मां? माका इतक्याच इचारूचा होता," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. तिचा रोख न कळण्याइतकी मी भोळी नव्हते.

आता मुद्द्याची गोष्ट. मला एक पायरी सापडली होती. चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत न्यायचा आणि धातू किती चुंबक झाला ते यंत्राची लेखणी कागदावर रेघेनं काढत जाते. त्या रेघेत, जिथं कोणी काही पाहिलेलं नव्हतं तिथं, एक छोटीशी पायरी यायची. पुन्हा जोर कमी करून वाढवला की पुन्हा यायची, त्याच जागी. पायरी म्हणजे आकार बदलला. म्हणजे होल्मियमचा एक नवा आकार, जो माझ्याआधी जगात कोणाला ठाऊक नव्हता! मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. माझे मार्गदर्शक सर कमी बोलायचे. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "खरं असेल तर मोठी गोष्ट आहे," ते म्हणाले, "नसेल तर शोभा होईल. पुन्हा करून बघा." माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. पायरी खरी ठरली तर प्रबंध उभा राहणार होता आणि मुदतही वाढणार होती. नाही तर हाती धुपाटणं.

फक्त एक बारीकशी गोष्ट होती. थंड केल्यानंतरच्या पहिल्या रेघेत ती पायरी यायची नाही. दुसरीपासून पुढं सगळ्या रेघांत यायची. मी पहिली रेघ बाजूला टाकायचे. त्यात मला काही गैर वाटलं नाही, कारण मी घावनांच्या घरातली. बिड्यावरचं, म्हणजे बिडाच्या तव्यावरचं, पहिलं घावन मोडतंच. ते कोणी पाहुण्याला वाढत नाही, चुलीपाशी बसलेलं कोणीतरी खाऊन टाकतं, आणि दुसऱ्यापासून जाळीदार यायला लागतात. यंत्राचंही तसंच असणार, आधी जरा तापायला हवं, असं मी धरून चालले होते. बरं, प्रत्येक रेघेआधी धातू गरम करून पुन्हा थंड करायचा म्हटलं तर हेलियम उडून जातं, आणि हेलियम म्हणजे आमच्याकडं तुपाहून जपून वापरायची चीज. म्हणून एकदा थंड केलं की संपेपर्यंत रेघांमागून रेघा काढायच्या, असाच तिथला रिवाज होता.

अशातच हेलियम बनवणारं यंत्र बिघडलं आणि मी घरी आले. घरी पोचते तर आईनं आधीच बातमी काढून ठेवलेली. डिचोलीजवळच्या एका कॉलेजात फिजिक्सची जागा निघाली होती. तिथल्या लोकांनी बाबांना निरोप दिला होता, मुलगी येत असेल तर महिनाअखेर कळवा. मी एकुलती एक. बाबा पाळीवर गेले की आई घरात एकटी. तिनं आडपडदा ठेवलाच नाही. "माका तू घराक होयी आसस," ती म्हणाली. "खूप शिकलंस. आता ये." मी म्हटलं, माझी पायरी अर्धवट टाकून मी येणार नाही. दोघी हट्टी, कोण माघार घेणार? शेवटी आई म्हणाली, देवीला विचारू. ती सांगेल ते दोघींनी ऐकायचं.

आईचं माहेर पेडण्यात, मोपाच्या सड्याखाली, त्या कातळी पठाराच्या पायथ्याशी. तिथल्या देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीला पाण्यानं पाकळ्या चिकटवतो, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला, मग आपला प्रश्न घालून देवीला गाऱ्हाणं सांगतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की सगळ्या पाकळ्या काढून मूर्ती पुसायची, मगच दुसऱ्याचा प्रश्न.

आम्ही पोचलो तेव्हा एक म्हातारा आणि म्हातारी आधीपासून बसली होती. मुलाला आखातात पाठवायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न. पाकळ्या काही पडत नव्हत्या. ऊन चढलं, त्या पाकळ्यांच्या कडा सुकून काळपट झाल्या, तरी एकही हलायला तयार नाही. आणि आईची घालमेल चालली होती ती बसची. त्या दिवसांत भाषेच्या आंदोलनात कधी कुठं झाड आडवं टाकून रस्ता बंद करतील याचा नेम नव्हता. दुपारची म्हापशाची बस चुकली तर मग जय हरी.

"आमच्यो पण लाय बघू," आई गुरवाला म्हणाली.

"तसा करूक जायना गो. ह्यांचा जाव दी."

"माहेरवाशीण मी ह्या गावची. माका तू रिकाम्या हातान धाडतलंस?"

झालं! माहेरवाशिणीचा शब्द त्या गावात कोण मोडणार? गुरव पुटपुटत उठला आणि त्यानं म्हाताऱ्यांच्या पाकळ्या होत्या तशाच ठेवून त्यांच्या खाली आमच्या ओल्या, ताज्या पाकळ्या चिकटवल्या. प्रश्न घातला, पोरीनं कॉलेजात नोकरीला यावं काय? आणि गाऱ्हाणं संपतंय न संपतंय तोच उजव्या अंगाची एक पाकळी टपकन खाली पडली.

आईनं लगेच हात जोडून डोळे मिटले. मी वाकून बघितलं. पाकळी सुकलेली, कडा काळ्या. आमची ओली पाकळी जागच्या जागी होती.

"ही आदल्या प्रश्नाची," मी मोठ्यानं म्हटलं.

म्हातारी माझ्यापेक्षा चपळ निघाली. "नाय गो बाय, तुमचीच ती! आमच्यो अजून वर आसत," असं म्हणून ती वरच्या पाकळ्यांकडे बोट दाखवायला लागली. पोरगा आखातात जाऊ नये अशी तिची मनापासून इच्छा होती, उजवी पाकळी तिला नकोच होती. म्हणजे ज्यांची होती त्यांना ती नको आणि जिची नव्हती तिला ती हवी! सगळे खूश. गुरव डोकं खाजवत म्हणाला, "ह्यो कौल धरूक जायना. परत केन्ना तरी येवा." पण आईनं प्रसाद पदरात बांधलासुद्धा.

बसथांब्यावर आम्ही बसलो. बस येण्याचं चिन्ह नव्हतं. पलीकडे कोणी भिंतीवर भाषेच्या घोषणा रंगवल्या होत्या आणि दुसऱ्या कोणी त्यांच्यावर डांबर फासलं होतं. मी भडकलेलीच होते.

"आई, ती पाकळी त्यांची. तुका ठावक आसा."

"देवीक ठावक कोणाची ती."

"तुका होयी होती तशी पडली, म्हणान तू धरून बसलंस."

आई माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती चिकित्सा होती. "बरा. आणि सुकलेली पाकळी तुझ्या बाजून पडली आसती, तर तू वाकान बघलं आसतंस? खरा सांग."

मी होय म्हणणार होते. पण माझ्या डोळ्यांसमोर देवी नव्हती, बिड्यावरचं पहिलं घावन होतं. मी ज्या रेघा जपून ठेवत होते त्या सगळ्या, आधीच्या रेघेच्या पाकळ्या तशाच ठेवून काढलेल्या होत्या. एकदा जोराच्या चुंबकात जाऊन आलेला होल्मियम पहिल्यासारखा राहत नसेल तर? जोर काढून घेतला तरी त्याच्या थरांत आदल्या ओढीचं काहीतरी उरत असेल तर? मग स्वच्छ पुसून विचारलेला प्रश्न एकच होता, पहिल्या रेघेचा. आणि त्याला मिळालेलं उत्तर मीच दर वेळी टाकून दिलं होतं, कारण ते माझ्या सोयीचं नव्हतं. आपला तो बाब्या!

"काय झाला गो? तोंड कित्या उतरला?"

मी आईला सगळं सांगितलं. रेघा, पायरी, पहिलं घावन. अणूंचं तिला कितपत कळलं देव जाणे, पण घावन बरोबर कळलं. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "मगे माका कित्या हसतंस? तुझ्या पण धातूर आदल्यांची पाकळी आसा मां!"

"हसा नको. ती पायरी गेली तर माझा सगळा जाता."

"आणि परत कौल लावलंय आणि डावी पडली तर माझा जाता," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

मग तिनंच ठरवलं. ती पुन्हा देवळात जाईल, पाकळ्या पुसून घेऊन विचारील. मी माझा धातू पुसून पुन्हा विचारायचं. जे येईल ते एकमेकींना खरं सांगायचं. बस आलीच नाही. शेवटी बॉक्साइटच्या एका रिकाम्या ट्रकवाल्यानं आम्हाला म्हापशापर्यंत सोडलं, आणि आई ड्रायव्हरशेजारी बसून त्याच्या घरादाराची चौकशी करत राहिली.

प्रयोगशाळेत परतल्यावर मी सरांना पहिल्या रेघेबद्दल सांगितलं. ते ऐकत होते, मग म्हणाले, "पुसून बघा. हेलियम जाऊ दे गेलं तर." माझ्या वाट्याला आता एकच भरलेली टाकी होती. दुपारची जेवणं झाल्यावर मी सुरुवात केली. धातू गरम केला, इतका की त्याचा चक्री जिना पुरता विरघळावा. मग जोर शून्य ठेवून सावकाश थंड केला. मग जोर वाढवत नेला. लेखणी पायरीच्या जागेजवळ आली. तोंडानं मी विज्ञान म्हणत होते आणि मनातल्या मनात देवीला गाऱ्हाणं घालत होते, का लपवू?

लेखणी सरळ पुढं गेली. पायरी नाही.

पुन्हा पुसलं, पुन्हा थंड केलं. नाही. हेलियम संपत आलं तरी आणखी एकदा पुसलं. सगळ्या रेघा अंगावर अंग ठेवून एकसारख्या, आणि त्या जागी सपाट. मग न पुसता एक काढून बघितली, तर पायरी हजर! म्हणजे होल्मियमला नवा आकार वगैरे नव्हता, त्याला फक्त आधीचं आठवत होतं. डोंगर पोखरून उंदीर काढला, असं खाणीवरच्या माणसाच्या मुलीनं म्हणायचं म्हणजे कठीण होतं. मला इतकं रडू आलं की मी बाहेर काढून ठेवलेल्या पिना परत लावायचं विसरून केस सोडून बसले. सर आले, कागद पाहिले आणि म्हणाले, "तो काय विसरतो आणि काय विसरत नाही, हा प्रश्न राहिलाच की." त्या घटकेला मला कुठल्याच प्रश्नात रस नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीही जाणून घ्यायचं नव्हतं. मला घरी जायचं होतं, आईच्या हातचं जेवायचं होतं, आणि कॉलेजात पोरांना पाठ झालेलं शिकवायचं होतं.

मी व्हरांड्यातल्या फोनवरून डिचोलीला ट्रंक कॉल लावला. आमच्या शेजारच्या दुकानात फोन होता; आईला बोलवायला कोणीतरी धावलं. ती धापा टाकत आली.

"पायरी गेली, आई," मी म्हटलं. "खोटी होती."

"अरे देवा." ती खरोखर हळहळली. "मगे?"

"मगे काय! मी येतंय घराक. कॉलेजवाल्यांक कळय. आता माका हय रवाचा नाय."

मला वाटलं लाइन तुटली. दुकानातली माणसं बोलताना ऐकू येत होती, मागून ट्रक गेल्याचा आवाज आला. मी दोनदा आई, आई म्हटलं.

"मी जावन इलंय देवळात," ती म्हणाली. "सगळा पुसून घेतलंय. एकटीच गेलंय, वांगडाक कोणाक नेवक नाय."

"मगे?"

ती 'उजवी' म्हणाली असती तर मी त्याच आठवड्यात गाडी पकडली असती आणि मला जन्मात काही कळलं नसतं. गुरवानं मला कुठं शोधून सांगितलं असतं? मी तर आपण होऊनच निघाले होते, तिला खोटंही बोलायची गरज नव्हती. नुसतं 'ये' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"डावी पडली गो," आई म्हणाली. "ताजी होती. मी उचलून बघलंय." आणि मग तिचा आवाज फुटला. मी तिला तोवर कधी रडताना ऐकलं नव्हतं. "येव नको," ती म्हणाली. "थयच रव."